तंद्रीची बाजू

मागच्या रविवारी सकाळी छोटीचा (म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा) फोन आला. आवाज असा, की मला वाटलं आईचं बीपी पुन्हा वाढलं. तसं काही नव्हतं. भाचेबुवांच्या शाळेच्या डायरीत शेरा आला होता. "वर्गात लक्ष नसते. सतत खिडकीबाहेर बघतो. पालकांनी दखल घ्यावी."

पालकांनी दखल घेतली होती. म्हणजे छोटीला दोन रात्री झोप नव्हती. जावईबापूंनी दोन ट्यूशनवाल्यांकडे चौकशी करून, शाळेत जाऊन बाक बदलून घेतला होता. एका नातेवाइकांनी (ते हे वाचतात, म्हणून नातं सांगत नाही) "डॉक्टरला दाखवून घ्या, आजकाल असं असतं" असा सल्लाही दिला होता. सोमवारपासून पाचवीतले भाचेबुवा पहिल्या रांगेत, भिंतीला लागून बसतात. खिडकी आता वर्गाच्या दुसऱ्या टोकाला.

"दादा, तू समजाव न त्याला. तुझं ऐकते तो."

मी हो म्हणालो, फोन ठेवला, चहा घेतला, आणि मग लक्षात आलं की मला त्याला काहीच समजवायचं नाहीये. समजवायचं आहे ते तुम्हा बाकीच्यांना. छोटीला, जावईबापूंना, सल्ला देणाऱ्या त्या काकांना (अरे, नातं सांगून बसलो!), आणि या पानावर अधूनमधून डोकावणाऱ्या तुम्हा मित्रमंडळींनाही. लेख जरा लांबणार आहे. कंटाळा आला तर खुशाल खिडकीबाहेर बघा. माझी हरकत नाही, तोच तर मुद्दा आहे.

आधी आरोप काय ते बघू.

मराठी भाषेनं तंद्रीला कधी सरळ तोंडानं बरं म्हटलेलं नाही. मनात मांडे खातो. हवेत इमले बांधतो. शेखचिल्ली आहे नुसता. भानावर ये. आमच्याकडे विचारायची पद्धत अजून सोपी, "कुठं हरवला बे?" जणू माणूस म्हणजे यात्रेत सुटलेलं पोर. यातला मांडा मला फार आवडतो. ज्यांनी मांडे करताना बघितलंय त्यांना माहीत आहे, उपड्या मडक्यावर हातभर रुंद पातळ पोळी टाकायची म्हणजे खायची गोष्ट नाही. गहू चांगला लागतो, हाताला सवय लागते, पुरण लागतं, तूप लागतं. ज्याच्या घरी हे सगळं होतं तो ताटात खायचा. ज्याच्या घरी नव्हतं तो मनात खायचा. आणि ही म्हण केली कोणी? माझी खात्री आहे, ताटातल्यानं.

पण याच भाषेत दुसरा एक शब्द आहे, मनोराज्य. हा शब्द करणारा माणूस मात्र आपल्यातला असणार. साधं मनातलं घर नाही, वाडा नाही, अख्खं राज्य! तलाठी नाही, सातबारा नाही, रांग नाही. तर मी आज त्या राज्याचा वकील म्हणून उभा आहे. पहिला साक्षीदार, माझे आबाजी.

आबाजी म्हणजे आईचे वडील. नागभीड तालुक्यात त्यांची चार एकर धानाची शेती होती, मामा तलावाच्या पाण्यावर. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : मामा म्हणजे आईचा भाऊ नाही. माजी मालगुजारी तलाव, त्याचं लघुरूप. आमच्या पूर्व विदर्भाचा धान याच जुन्या तलावांवर पिकत आला.) दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामाच्या गावी जायचो तेव्हा धान पिकत आलेला असायचा आणि रात्री रानडुकरं यायची. मग जागली. बांधीच्या कडेला चार लाकडांवर माळा, खाली शेकोटीचे निखारे, हाताशी बडवायला एक टिनाचा डबा. आबाजी रात्रभर तिथे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना हट्टानं दोन-तीनदा त्यांच्यासोबत माळ्यावर झोपलोय.

एकदा रात्री जाग आली तर आबाजी अंधाराकडे बघत बसलेले. मी विचारलं, आबाजी, काय करून राहिले? म्हणाले, "घर बांधून राहिलो."

मला वाटलं गंमत करतात. गंमत नव्हती. आबाजी खरंच घर बांधत होते. दर रात्री काल जिथे काम थांबलं तिथून पुढे. छपरी झाली, माजघर झालं, गुरांचा कोठा झाला, धान ठेवायची खोली झाली. आणि सकाळी घरी आले की चहा पिताना आजीला हिशोब द्यायचे. हा संवाद मी माझ्या कानांनी ऐकलाय :

"काल विहीर झाली."

"पाणी लागलं?"

"लागलं न. गोड आहे."

आजी चुलीपुढे बसल्या बसल्या मान हलवायची, जणू उद्यापासून तलावावर जायचं काम नाही. हसायची नाही. हसायचे ते बाकीचे. गावात त्यांना एक नाव पडलं होतं, ते इथे लिहीत नाही, आईला अजून लागतं. माझे मामासुद्धा वैतागायचे, "बुढा पागल झाला" म्हणायचे.

ते घर कधीच झालं नाही. आबाजी गेले ते त्याच दोन खोल्यांच्या कुडाच्या घरातून. विहीर नाही, माजघर नाही. मग फायदा काय झाला, असा प्रश्न तुम्ही विचारणार. विचारा. माझ्याकडे तीन उत्तरं आहेत.

एक. आबाजी जागे राहिले. रात्री दोन वाजता, थंडीत, निखाऱ्याची ऊब घेत बसलेल्या माणसाच्या डोक्यात काही चालू नसेल तर तो झोपतो, आणि तो झोपला की सकाळी बांधीत डुकरांनी लोळून ठेवलेला धान दिसतो. आबाजींच्या बांधीत मी असं कधी बघितलं नाही. त्या न झालेल्या घरानं झालेला धान राखला. तंद्री म्हणजे झोप असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ती एक प्रकारची जागलीच आहे.

दोन. आजीशी बोलायला त्यांच्याकडे रोज काहीतरी नवीन होतं. लग्नाला चाळीस वर्षं झालेली किती जोडपी रोज सकाळी एकमेकांना नवीन बातमी देतात? आमच्या घरी तर "गॅस बुक केला का" एवढीच बातमी असते.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. एका वर्षी पाऊस कमी झाला, तलाव भरला नाही, धान अर्ध्याहून जास्त गेला. त्या दिवाळीत मी विचारलं, आबाजी, घर कुठवर आलं? ते म्हणाले, "यंदा पैसे कुठं आहेत रे. यंदा नुसता चुना मारला."

हे वाक्य मला तेव्हा फक्त गमतीचं वाटलं होतं. आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते आठवलं की पोटात काहीतरी हलतं. ज्या घराला दमडीचा खर्च नव्हता, तिथेही हा माणूस दुष्काळाच्या वर्षी नवीन भिंत उभारत नव्हता. आणि काम बंदही करत नव्हता. चुना मारत होता. शेखचिल्ली आणि आबाजी यांच्यातला फरक तो हाच. शेखचिल्ली स्वप्नात लाथ मारतो आणि डोक्यावरचं खरं मडकं फोडतो. आबाजींचं एक कान कायम बांधीकडे होतं.

आता कोणी म्हणेल, हा एका म्हाताऱ्याचा किस्सा झाला. ठीक आहे. अख्खा मुलूख साक्षीला आणतो.

झाडीपट्टी रंगभूमी तुम्ही ऐकून असाल. वडसा (देसाईगंज) हे तिचं केंद्र. दिवाळीनंतर धान निघाला की मंडई सुरू होते, शंकरपट भरतात, आणि गावोगावी नाटकं लागतात, पार होळीपर्यंत. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटे संपतं. माणसं बैलबंडीतून, ट्रॅक्टरमधून, आता मोटरसायकलवर, वीस-वीस किलोमीटर येतात, ब्लँकेट पांघरून कुडकुडत बसतात आणि रात्रभर दुसऱ्याच्या आयुष्यात राहून येतात. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी पेढे वाटले. मला एवढंच विचारायचं आहे, की हजारो माणसं एकाच मंडपात बसून एकाच वेळी दिवास्वप्न बघतात तेव्हा ती संस्कृती होते, सरकार तिला पदक देतं. आणि पाचवीतला एक पोरगा एकटा, फुकटात, कोणाला त्रास न देता तेच करतो तेव्हा डायरीत लाल शेरा का येतो?

आमच्या चंद्रपूरची तर सुरुवातच अशी. दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. अंगावर गाठी उठलेला गोंड राजा खांडक्या बल्लाळशा झरपटीच्या काठी एका डबक्यातल्या पाण्यानं बरा झाला, त्या रात्री गाढ झोपला आणि स्वप्नात अचलेश्वर आला. पुढे त्याच रानात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला, आणि तिथे किल्ला आणि शहर वसवायचं ठरलं. दंतकथाच ही, इतिहास म्हणून सांगत नाही. पण ज्या गावाला आपल्या जन्माची गोष्ट सांगताना स्वप्न आणि उलटा पळणारा ससा लागतो, त्या गावानं खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराला भिंतीशी बसवावं?

खऱ्या इतिहासातली उदाहरणंही इथे पायलीला पन्नास आहेत. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या दगडगोट्यांच्या जमिनीवर आनंदवन उभं राहिलं. ती जमीन बघून तिथे शेती, शाळा, कारखाने "दिसणं" हे शुद्धीवरच्या माणसाचं लक्षण नव्हे. १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाच्या जंगलात राहायला गेले. तिकडे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटंसं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं ते म्हणायला लागलं तेव्हा किती जणांनी मनात मांडे म्हटलं असेल! २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना द्यायचा अधिकारही गावाच्या हातात आला. त्या गावात अभ्यासगट चालतो. माणसं एकत्र बसून एखाद्या गोष्टीवर नुसतं बोलतात, विचार करतात. ठरवायचं ते ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीनं. म्हणजे स्वप्न बघायची जागा वेगळी आणि ठरवायची जागा वेगळी. यापेक्षा शहाणी व्यवस्था मला माहीत नाही.

पण थांबा. इथे मला माझाच पाय मागे घ्यायचा आहे.

कारण ही यादी वाचून छोटी लगेच म्हणणार, "म्हणजे हा बाबा आमटे होणार आहे का?" नाही गं. बहुतेक नाही होणार. आणि ही मोठी नावं पुढे करून तंद्रीची वकिली करणं मला आता जरा लबाडीचंच वाटायला लागलंय. "मोठी स्वप्नं बघा" असं सांगणारी पोस्टरं प्रत्येक ट्यूशन क्लासच्या भिंतीवर आहेत, आणि त्या क्लासमध्ये खिडकी नसते. त्यांना स्वप्न म्हणजे ध्येय हवं असतं. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, तारीखवार. ते दिवास्वप्न नव्हे, ते टाइमटेबल आहे. मला बाजू मांडायची आहे ती बिनकामाच्या तंद्रीची, जिच्यातून काहीही निघणार नाही तिची. आबाजींच्या विहिरीची.

आता शास्त्र काय म्हणतं ते. (हो, बँकेत नोकरी करणारा माणूस शास्त्रावर बोलणार. सहन करा.)

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भारी पुरावा आधी मांडतो. २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी सायन्स नियतकालिकात एक निबंध छापला. फोनवर अचानक टिंग वाजवून २,२५० माणसांना विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, बरं वाटतंय का? निष्कर्ष असा, की जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भरकटलेलं मन एकूण कमी सुखी होतं. हा निबंध प्रसिद्ध आहे. सल्ला देणाऱ्या काकांनी तो व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या आधी मीच सांगून टाकतो. पण त्यात तपशील आहे. मन सुखाच्या गोष्टीकडे गेलं तर माणसं दुःखी नव्हती. कामात मन असताना जेवढं बरं वाटत होतं तेवढंच वाटत होतं. सगळ्यात जास्त बिघडवत होतं ते त्रासदायक गोष्टींकडे जाणारं मन. आणि माझी एक अशास्त्रीय शंका. तुम्ही छान तंद्रीत असताना कोणी टिंग वाजवून "सुखी आहेस का?" असं विचारलं तर तुम्ही काय सांगाल? मी तर फोनच फेकून देईन :-)

तंद्रीचे प्रकार असतात, हे जेरोम सिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकापासून सांगितलं होतं. एक खेळकर, काहीतरी रचणारी. दुसरी अपराधाची, भीतीची, तेच तेच उगाळणारी. तिसरी म्हणजे कशातच चित्त न ठरणं. आपण तिघींना एकाच दावणीला बांधतो आणि एकाच काठीनं मारतो. २००१ मध्ये मार्कस राइकल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आपण "काहीच करत नाही" तेव्हाही मेंदूचे काही भाग ठरलेल्या पद्धतीनं कामात असतात. म्हणजे मालक ओट्यावर बसला तरी घरात काम चालू असतं. २०१२ च्या एका प्रयोगात असंही दिसलं, की अडलेल्या प्रश्नावरून उठून माणसाला एखादं सोपं, मन भरकटू देणारं काम दिलं तर परत आल्यावर त्याला जास्त कल्पना सुचतात. नंतर काहींनी तोच प्रयोग केला तर तसा निकाल मिळाला नाही. म्हणून मी त्यावर माझा माळा बांधणार नाही.

ज्या अभ्यासानं मला खरंच थांबवलं तो न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गॅब्रिएल ओटिंगेन यांचा. त्या म्हणतात, सगळं छान झालंच आहे असं मनात रंगवत बसलं तर अंगातला जोर कमी होतो. स्वप्नातच पोट भरतं. खरं आहे, मी अशी माणसं बघितली आहेत, काही वर्षं मी स्वतः तसा होतो. पण त्यांचा उपाय स्वप्न बंद करा असा नाही. हवं ते मनात बघा, आणि लगेच त्याच्या वाटेतली अडचणही बघा, असा आहे. मी हे वाचलं आणि हसूच आलं. यंदा नुसता चुना मारला! आमच्या आबाजींना हे नागभीडमध्ये बसून कळलं होतं.

आता माझ्या बाजूचं नुकसानही कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहितो.

मी कॅशवर बसायचो तेव्हा एका दुपारी माझं मन भामरागडला, तीन नद्यांच्या संगमावर गेलेलं होतं. संध्याकाळी पाच हजार कमी भरले. ते मी खिशातून भरले. बायकोला दोन महिने सांगितलं नाही, आज इथे वाचेल. त्यात तंद्रीचा दोष नाही, तिची जागा चुकली होती. आणि जागा चुकली तर आमच्या जिल्ह्यांत पाच हजारांवर भागत नाही. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे वाकून फुलं वेचणारी बाई, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारा माणूस, यांना तंद्री परवडत नाही. दर उन्हाळ्यात वाघाच्या बातम्या येतात आणि त्या बातम्यांमध्ये बहुतेक वेळा कोणीतरी वाकलेलं असतं. खाणीत नाही, हायवेवर नाही, मूलच्या जंगलातल्या रस्त्यावर संध्याकाळी तर नाहीच नाही.

म्हणूनच मला वाटतं, तंद्री ही सुरक्षित माणसाची चैन आहे असं म्हणून तिला हिणवू नये. उलट ज्याला त्याला ती मिळावी अशी सुरक्षित जागा आपण द्यावी. जंगलात जी बाई मान खाली घालून, कान टवकारून चार तास राबते, तिला घरी आल्यावर ओट्यावर बसून तासभर शून्यात बघायचा हक्क आहे. तिला तिथे कोणी "काहून बसली" म्हणून टोकू नये. आणि पाचवीतल्या पोराच्या वर्गात तर वाघ नाही. मग त्याला कसली शिक्षा?

खरी गोष्ट अशी आहे, की आपल्याला कोणी रिकामं बसलेलं बघवतच नाही. पूर्वी निदान निसर्ग जबरदस्तीनं बसवायचा. आमच्या चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४७ च्या पुढे जातो. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. वाळ्याच्या ताट्यांचा वास, कूलरची घरघर, आणि छताकडे बघत पडलेलं सगळं घर. माझं अर्धं मनोराज्य त्या दुपारांमध्ये वसलं. मग २००५ नंतरच्या काही वर्षांतलं भारनियमन. अर्ध्या महाराष्ट्राला वीज देणारी चिमणी गच्चीवरून दिसायची आणि आम्ही अंधारात! सरकारला तेव्हा खूप शिव्या दिल्या. (ब्लॉगची अर्धी लिहिलेली पोस्ट उडायची तेव्हा तर जास्तच.) पण त्या अंधारात गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही जे बोललो, जे नुसतं पडून राहिलो, ते नंतर कधी जमलं नाही.

आता वीज आहे, फोन चार्ज आहे. बसस्टँडवर बघा, बल्लारशाच्या प्लॅटफॉर्मवर बघा, एकाही माणसाची नजर रिकामी नाही. सगळ्यांच्या अंगठ्याखाली काहीतरी सरकतंय. त्यात वाईट एवढंच, की ती दुसऱ्या कोणीतरी बघून ठेवलेली स्वप्नं आहेत. आपण पूर्वी मनात मांडे खायचो, आता दुसऱ्याला मांडे खाताना बघतो. आणि गंमत म्हणजे भाचेबुवांनी खिडकीबाहेर बघितलं तर शेरा येतो, पण रात्री दोन तास मोबाइल बघितला तर "चला, शांत तरी बसलाय" म्हणतात. छोटी, रागावू नकोस. मी माझ्या पोरीच्या बाबतीत हेच केलंय. ती सातवीत असताना गॅलरीत तासभर उभी होती म्हणून मी ओरडलो होतो, "काही काम नाही का?" तेव्हापासून ती मला दिसेल अशी कधी रिकामी उभी राहिली नाही. आता ती नोकरी करते, पुण्यात असते, हुशार आहे. पण त्या दिवशी ती काय बघत होती, हे मला कधीच कळणार नाही. विचारलं तर म्हणते, "आठवत नाही बाबा." हा लेख खरं तर त्या दिवसाची माफी आहे.

शिक्षक मंडळींनाही एक आठवण करून द्यायची आहे. गुजरातमधल्या भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे मोठे शिक्षक होऊन गेले. एक शिक्षक चौथीच्या वर्गावर वेगवेगळे प्रयोग करतो अशी कल्पना करून त्यांनी एक पुस्तक लिहिलं. आपल्याकडे डी.एड. झालेल्या बहुतेकांनी त्याचं नाव तरी ऐकलेलं असतं. त्या पुस्तकाचं नाव काय आहे? दिवास्वप्न.

तर गुरुवारी संध्याकाळी मी दिलेल्या शब्दाप्रमाणे भाचेबुवांना "समजवायला" गेलो. दोघं गच्चीवर बसलो. विचारलं, खिडकीतून काय दिसते रे? तो म्हणाला रेल्वेलाइन दिसते. कोळशाची मालगाडी जाते. कधी ५८ डबे, कधी ५९. मी म्हटलं, मग मोजत बसतो का? तर नाही. "मामा, एका डब्यात किती घरांचे पंखे असतील ते पाहत होतो. आपल्या घरी चार पंखे आहेत. एका डब्यातल्या कोळशानं किती दिवस चालतील? मग बाईंनी मले उभं केलं." त्या तासाला काय शिकवत होत्या, असं विचारलं. भागाकार.

मी काही बोललो नाही. छोटी, तू जिन्यात उभी होतीस, तू ऐकलंयस.

मग मी विचारलं, आता भिंतीजवळ बसवलं तर कसं वाटते? तो म्हणाला, "चांगलं आहे. भिंतीवर एक भेग आहे, वैनगंगेसारखी. खालून वर जाते. आपण मार्कंड्याला गेलो होतो न, तिथं नदी उत्तरेला जाते, तशी. मी तिच्यावर गावं टाकून राहिलो."

तर मंडळी, बाक बदलून झालेला आहे आणि काहीही बदललेलं नाही. पोरगा आबाजींचा पणतू आहे, हे त्याला माहीत नाही आणि बहुधा तुम्हीही विसरलात. माझी मागणी फार नाही. ट्यूशन लावायची तर लावा, एक. डॉक्टरकडे जायचं तर जा. पोराला खरंच त्रास होत असेल, वाचता येत नसेल, झोप लागत नसेल, तर मीच घेऊन जाईन. पण तसं काही दिसत नाही. सोमवारी शाळेत जाऊन त्याचा खिडकीजवळचा बाक त्याला परत द्या. जावईबापूंना वेळ नसेल तर मी अर्धी रजा टाकतो.

आणि आई, तू हे छोटीच्या मोबाइलवर वाचशील तेव्हा मला एक सांग. आबाजींच्या घराला मागच्या बाजूनं दार होतं का? मला आठवत नाहीये, आणि सध्या माझं काम तिथे अडलंय.